खोट्या खिडकीचं घर

टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नव्हता, म्हणून वली भेटला.

रास अल खैमाच्या बाहेर, खजुरीच्या बागेत एक लहानसं घर आहे. मोत्यांच्या एका व्यापाऱ्यानं मुंबईत खांबांचे बंगले पाहिले आणि परत येऊन हौसेनं तसंच बांधलं. मधोमध दार, दोन्हीकडे दोन-दोन खांब, एकेक खिडकी. त्यातली डावी खिडकी खोटी. मागे नुसती भिंत. समोरून चेहरा सारखा दिसावा एवढ्यासाठी! सगळा उन्हाळा नवरा समुद्रावर आणि बायको इथे एकटी. मला ती बाई उगाच जवळची वाटायची. अब्बा रिटायर झाले, व्हिसा संपला, ते अम्मीला घेऊन रत्नागिरीला गेले. शहरात, रोल्ला भागातल्या फ्लॅटमध्ये उरले मी.

डागडुजीआधी हे घर मोजून त्याचं ड्रॉइंग करायचं होतं. माझं पहिलं स्वतंत्र काम. आणि नेमका हेल्पर आजारी पडला.

"मी धरू का?" छताचं लाकूड तपासायला आलेला तरुण शिडीवरून उतरत म्हणाला.

"तुम्ही लाकूडवाले ना? टेप वाचता येते?"

"आमच्या श्रीवर्धनला शिकवतात तेवढी येते."

तो आकडे वाचायचा, मी लिहायचे. "ओढू नका," मी म्हणायचे. "तुम्हीच लांब जाताय," तो म्हणायचा. त्याच्या केसांत चुना पडला होता... सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही.

ऑफिसात कागदावर मांडलं, तर चौकोनी खोली तिरकी. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप जुळेचना. मी वलीला फोन केला.

"यल्ला, चल, परत मोजू," तो म्हणाला. आवाजात जरा जास्तच आनंद होता.

पुढच्या शनिवारी त्यानं फ्लास्कमधून कडक, दुधाळ करक चहा आणला. तुम्हीचं तू झालं. वारा खजुरीतून आत येत होता आणि मी बऱ्याच दिवसांनी खळखळून हसले. घरी येऊन पाहते, तर खोली पुन्हा तिरकी. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही.

तिसऱ्या खेपेलाही वली आला होता, पण मी ऑफिसचं मोजायचं लेझर नेलं. त्याला दुसरा माणूस लागत नाही. लाल ठिपका भिंतीवर पडला, वलीनं वाचलेल्यापेक्षा वेगळाच आकडा आला आणि माझ्या लक्षात आलं.

"वली... तू मुद्दाम चुकीचं वाचत होतास?"

तो बुटांकडे बघू लागला. "लाकूड खऱ्या मापानंच मागवलंय. नुकसान काही नाही."

"माझं पहिलं काम आहे हे. हिला साधा चौकोन काढता येत नाही म्हणून ऑफिसात सगळे हसले मला." डोळे भरून आले. सगळंच काही रागानं नव्हतं.

"सॉरी, कशफ." तो म्हणाला. "माप जुळलं की खलास. तू ड्रॉइंग देणार आणि जाणार. रूमवर आम्ही सहा जण राहतो, पण बोलायला कुणी नाही. तुझ्याशी बोललो की... शनिवारची वाट बघतो मी."

"मग सरळ विचारायचं होतंस, भेटशील का म्हणून."

"आणि नाही म्हणाली असतीस तर?"

मी त्याला ओसरीवर बसवलं आणि सगळं घर एकटीनं पुन्हा मोजलं. या वेळी खोली चौकोनी निघाली. काम संपलं होतं, आणि मला घरी जावंसं वाटेना.

"रोल्लापर्यंत सोडशील?" मी विचारलं.

रोल्लाला पोहोचलो. माझ्या बिल्डिंगखालच्या हॉटेलात शिरलो, तसा ओळखीचा वेटर न विचारताच माझं रोजचं पार्सल बांधायला लागला.

"आज पार्सल नको, भाई," मी म्हणाले. "बैठके खाएँगे. दो लोग हैं."

वली मागेच उभा होता. त्याला ऐकू जावं म्हणून मी मुद्दाम मोठ्यानं बोलले होते.