बागेपाशी रुसणारी गाडी

"गुन्हेगार कितीही हुशार असो, मागे एक तरी खूण ठेवून जातोच," असं जाहीर करून दुर्बीणसाहेब बाकावर बसले.

बाकाला नुकतंच पॉलिश केलेलं होतं.

ते उठले तेव्हा त्यांच्या कॉर्डरॉयच्या विजारीच्या उभ्या रेघा बाकाच्या पाटावर इतक्या स्वच्छ उमटल्या होत्या की गुन्हेगार शोधायला गुप्तहेराची गरज उरली नव्हती.

"असू दे," फर्निचरच्या कारखान्याची मालकीणबाई म्हणाली. तिच्या कानामागे पेन्सिल होती आणि डोळ्याखाली जागरण. "आज संध्याकाळी हा बाक दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पोचवायचाय. म्हणजे गाडी पोचली तर."

दुर्बीणसाहेब हे खाजगी गुप्तहेर. खरं नाव काय, ते आता घरचेही विचारल्यावर जरा थांबून सांगत. सोबत होते दाजी, म्हणजे साहेबांच्या बहिणीचे यजमान. बहिणीला घराची साफसफाई काढायची असली की ती दाजींना तपासावर पाठवायची.

"गाडीला काय झालंय?" साहेबांनी विचारलं.

"तीच तर गंमत आहे. काही झालेलं नाही." मालकीणबाईने अंगणातल्या जुन्या निळ्या पिकअपकडे हात केला. "इथून निघते तेव्हा ठणठणीत. बागेपाशी गेली की आचके देते आणि बंद. किल्ली फिरवून बोटं दुखली तरी सुरू होत नाही. मग काही वेळाने आपली आपण सुरू. आणि बागेत कोण असतं माहितीये? मामाचे कॅरम खेळणारे मित्र."

"मामा?"

"माझ्या आईचा भाऊ. मी फ्रॉकात होते तेव्हापासून ही गाडी तोच चालवतो." तिचा आवाज जरा खाली आला. "काल मी बोलले त्याला. म्हटलं, कॅरम खेळायचाय तर सरळ सुट्टी माग. तर त्याने किल्ली त्या खिळ्याला अडकवली आणि ट्रंक भरायला घेतली. आज भंगारवाला गाडी न्यायला येणार आहे. मामा म्हणतो, ती गेली की मीही गावाला जातो."

"मग?"

"तो खोटं बोलत असेल तर जाऊ दे दोघांनाही. खरं बोलत असेल तर मी काय करून बसलेय ते मला कळायला हवं."

"हे कधीपासून?"

"आप्पांचं, माझ्या वडिलांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्या सुमारास. आमच्याकडे असंच आहे. एकाचं सुधारलं की दुसऱ्याचं बिघडतं."

आप्पा स्वयंपाकघरात भेटले. सुतारकाम लेकीवर सोपवून ते मोकळे झाले होते. मोकळे झालेत हे हातांना मात्र कुणी कळवलेलं नव्हतं. हातातल्या वाटीत ते लाकडाचा भुसा आणि सरस कालवत होते.

"बसा. इथे पॉलिश नाही," ते म्हणाले. बातमी पोचली होती. "चहा घ्या."

दाजींनी किटली उचलली. अर्धा कप भरला आणि धार थांबली. दाजींनी किटली आणखी वाकडी केली. चोचीतून एक थेंब निघाला, त्याने जरा विचार केला आणि तो परत गेला. दाजींनी किटली हलवून पाहिली. भरलेली होती.

"अहो, असं नाही," म्हणत आप्पांनी झाकण ओढून काढलं. उरलेला चहा दाजींच्या कपात, बशीत आणि बाहीत गेला. "पूर्वी झाकण खुळखुळायचं. मी रबराची कडी बसवली. आता कसं घट्ट बसतं बघा."

"छान," बाही पिळत दाजी म्हणाले.

दुर्बीणसाहेब भिंतीच्या कपाटाकडे बघत होते. "याचं कुलूप कुठे आहे?"

"किल्लीचं भोक बुजवलं. दिसतंय का कुठे होतं ते?"

"नाही. पण मग उघडता कसं?"

"उघडत नाही," आप्पा अभिमानाने म्हणाले. "काय सांगू साहेब, इतकी वर्षं मला हे घर कसं गुळगुळीत दिसायचं. डोळ्यांवरची पट्टी काढली आणि कळलं, आपण चाळणीत राहतोय. आता निवांतपणे एकेक उरकतोय."

दाजींनी समोरचं उकडलेलं अंडं उचललं आणि त्यावर मीठदाणी झटकली. काही पडलं नाही. मीठ सर्दावलं असणार, असा निष्कर्ष काढून त्यांनी ते अळणीच खाल्लं.

कोपऱ्यावरचा फिटर दुखावलेला होता.

"माझ्याकडे आठवडाभर होती. बॅटरी तपासली, प्लग बदलले, पेट्रोलचा पंप नवा घातला. टाकी साफ करायला उतरवली होती, म्हणून वर बाटली टांगून त्यातून पेट्रोल दिलं आणि सकाळ-संध्याकाळ इंजिन चालवलं. एकदा तरी थांबावं? गाणं म्हणत होतं, गाणं. दोष इंजिनात नाही, साहेब. चालवणाऱ्यात आहे."

"मामांशी काही वाकडं?" दाजींनी डोळे बारीक करून विचारलं.

"कॅरममध्ये हरवतात," फिटर म्हणाला. "पण म्हणून कोणी पंप बदलत नाही."

मामा ट्रंकेवर बसून तिचं झाकण लावायचा प्रयत्न करत होते.

"मला काही सांगायचं नाही," त्यांनी सांगितलं आणि मग बराच वेळ सांगत राहिले. "पोरीला खांद्यावर बसवून फिरवलं मी. तिने मला म्हणावं, गाडी मुद्दाम बंद पाडतोस? टाकी काठोकाठ भरलेली असली तर ही बागेपर्यंतसुद्धा जात नाही. पोट भरलं की लवकर झोपते. अर्धी असली तर बाग ओलांडून पुलापर्यंत जाते. आता पुलावर कोण कॅरम खेळतं, सांगा."

"आणि सुरू कशी करता?"

मामा जरा संकोचले. "शिव्या देऊन."

"मला दाखवा."

तिघे गाडीत बसले. मामांनी खिळ्यावरची किल्ली अशी घेतली, जणू उसनी घेतायत. गाडी छान धावली. बाग दिसू लागली तशी आचके द्यायला लागली, खोकली आणि कडेला जाऊन थांबली. मामांनी किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच घरघरलं. बागेतून कोणी तरी हाक मारली, "या मामा, तुमचीच वाट बघतोय." मामांनी मान फिरवली.

"आता रोज जे करता तेच करा. काही वगळू नका."

मामा खाली उतरले. पेट्रोलचा काटा कधीचाच मेलेला, त्यामुळे टाकीत काठी घालून बघावं लागे. त्यांनी टाकीचं झाकण जोर लावून फिरवलं. फुस्स असा लांब सुस्कारा ऐकू आला. दाजींनी घाईघाईने चारही चाकं तपासली. मामांनी काठी बुडवून बघितली, पेट्रोल भरपूर होतं. मग झाकण लावून ते गाडीच्या तोंडासमोर उभे राहिले आणि त्यांनी तिला बनवणाऱ्या कारखान्यापासून सुरुवात करून सगळ्या खानदानाचा उद्धार केला. परत येऊन त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं.

"कळलं," दाजी म्हणाले. "गाडीला शिव्यांची सवय लागलीय."

"दाजी, तुम्ही आज चहा ओतलात हे फार मोठं काम केलंत," दुर्बीणसाहेब म्हणाले. दाजी उगाच खूश झाले.

परत आल्यावर साहेबांनी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. मालकीणबाई दाराला टेकून उभी राहिली. मामा तिच्याकडे पाठ करून बसले. फिटर हात पुसत आला. भंगारवालाही वेळेआधी आला होता, त्यालाही स्टूल मिळालं.

"या गाडीला बागेशी काही देणंघेणं नाही," साहेबांनी सुरुवात केली. "तिला ठरावीक पेट्रोल संपलं की थांबावं लागतं. इथल्या दारातून निघालं की ते बागेपाशी संपतं. कॅरम तिथे आहे हा कॅरमचा दोष."

"पेट्रोल तर टाकीत होतं," मालकीणबाई म्हणाली.

"होतं. चहाही किटलीत होता." त्यांनी भरलेली किटली कपावर वाकडी केली. धार आली, बारीक झाली, थांबली. त्यांनी झाकण उचललं. चहा भसकन आला. "आत हवा शिरल्याशिवाय चहा बाहेर येत नाही. म्हणून झाकणाला बारीक भोक असतं. या झाकणाला नाही."

सगळ्यांनी झाकणाकडे पाहिलं. आप्पांनी खिडकीकडे पाहिलं.

"गाडीच्या टाकीचंही तसंच. पेट्रोल खर्च होतं, तेवढी हवा झाकणाच्या भोकातून आत यायला हवी. नाही आली तर टाकी पेट्रोल धरून ठेवते, पंप ओढून थकतो आणि इंजिन उपाशी मरतं. भरल्या टाकीत हवेला मुळात जागाच कमी, म्हणून पोट भरलं की ती लवकर झोपते. फिटरकडे बंद पडली नाही, कारण तिथे टाकीच नव्हती, वर टांगलेली बाटली होती. मामा काठी घालायला झाकण उघडतात तेव्हा फुस्स करून हवा आत जाते. सगळं ठीक होतं. शिव्या त्यानंतर येतात. त्या बिनकामाच्या होत्या."

"बिनकामाच्या म्हणू नका," मामा म्हणाले. "मला बरं वाटायचं."

"आता प्रश्न राहिला, हे काम कुणाचं," साहेब म्हणाले. "या घरात एकच माणूस असा आहे ज्याला भोक बघवत नाही. आणि त्याला ते दिसायला लागलं, गाडी बिघडली त्याच सुमारास."

आप्पांनी वाटी हळूच टेबलाखाली सरकवली.

"मला वाटलं, गंज लागून पडलंय," ते म्हणाले. "पावसाचं पाणी टाकीत जाईल. काळा रंग मिसळून भरलं. कुणाला दिसलं तरी का?" मग त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे मेहुण्याची ट्रंक माझ्यामुळे भरली गेली?"

मामा आप्पांकडे बघत राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत असं वाटून दाजींनी रुमाल काढला, पण मामा हसत होते. "भावजी," ते कसंबसं म्हणाले, "तुम्ही आंधळे होतात तेव्हाच घर नीट चाललं होतं."

मालकीणबाई पुढे आली. तिने खिळ्यावरची किल्ली काढली, मामांच्या खिशात घातली आणि खिसा वरून दाबला. मग पक्कड आणून खिळाच उपटला.

"परत इथे अडकवायची नाही," ती म्हणाली.

"ट्रंकेचं झाकण तसंही लागत नव्हतं," मामा म्हणाले.

भिंतीतल्या त्या नव्या भोकाकडे आप्पांनी पाहिलं. पण दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले.

त्यांनीच बारीक गिरमिटाने टाकीचं झाकण मोकळं केलं. तोवर वाळलेला बाक पिकअपवर चढला. मामा निघाले. अंगणात सगळे कान देऊन उभे राहिले. भंगारवालाही, तोंडाने गाडी बंद पडो म्हणत होता तरी, चवड्यांवर उभा होता. इंजिनाचा आवाज बागेपर्यंत गेला, बाग ओलांडून गेला आणि पुलापलीकडे विरला.

"खूण," दुर्बीणसाहेब म्हणाले. "मी म्हटलं होतं. गुन्हेगार खूण ठेवतो. इथे तर त्याने आधीच्या सगळ्या खुणा बुजवल्या, हीच खूण." कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण फिटर मान हलवत होता, आणि फिटरची मान सहसा हलत नसे.

अंधारायच्या आत पिकअप गाणं म्हणत परत आली. मामांनी दार उघडलं, टाकीकडे कौतुकाने पाहिलं आणि ते सरळ दुर्बीणसाहेबांकडे आले.

"एक छोटंसं काम होतं, साहेब. डॉक्टरीणबाईंना बाक पसंत पडला. त्यावरची ती उभ्या रेघांची नक्षी तर फारच. म्हणाल्या, दुसराही अगदी तसाच हवा."

आप्पांनी दुसरा बाक अंगणात ओढून आणला. तो ओला चकचकत होता.

"जरा बसता का?"