श्वासांचा गुणाकार

पडद्यावर दोन रेषा होत्या. तांबडी आप्पांच्या श्वासाची, निळी एका आंधळ्या गाढवाच्या. सुरुवातीला त्या एकमेकींपासून लांब होत्या. तिसऱ्या मिनिटाला तांबडी किंचित वर चढली, निळी जरा खाली आली आणि पुढं दोन्ही जोडीनं चालू लागल्या.

"एक्क्याण्णव," डॉ. यामिनी चौगुले म्हणाली. "शंभरापैकी."

मिरजेहून आलेले गणिती डॉ. इम्तियाज बागवान खुर्ची पुढं ओढून बसले. यामिनीचा प्रबंध छापायला जाण्याआधी तिची आकडेमोड तपासणं हे त्यांचं काम होतं. कोल्हापूरच्या या प्रयोगशाळेत ते सकाळपासून बसून होते आणि त्यांनी दोनदा चहा मागवून दोन्ही वेळा तो थंड होऊ दिला होता.

श्वासलेख या आपल्या यंत्राचं तत्त्व यामिनीनं त्यांना थोडक्यात सांगितलं. कॅमेरा छातीशी धरला की फोटो काढणाऱ्याच्या श्वासागणिक तो केसभर वरखाली होतो. ते हलणं प्रत्येक छायाचित्रात उतरतं. समोरच्याची छाती किंवा कूस हलताना तर दिसतेच. एका बैठकीतली तीनशे छायाचित्रं ओळीनं लावली की दोघांचे श्वास मिळतात. आणि दोन जीव एकमेकांकडं खरोखर लक्ष देऊन असले, तर दोघांचेही श्वास नकळत एकमेकांकडं सरकतात. किती सरकले, तो जुळणीचा अंक.

"माझ्या लग्नाचा अल्बम तुमच्या हाती लागू द्यायला नको म्हणजे," बागवान म्हणाले.

"तो तिवईवरून काढलेला असेल, सर. त्यात काही सापडत नाही."

यामिनीच्या वडिलांनी, आप्पांनी, तिवई कधी वापरली नव्हती. तीस वर्षं ते भटक्या जनावरांच्या निवाऱ्यात आणि सरकारी दवाखान्यातल्या बेवारस रुग्णांच्या वॉर्डात फोटो काढत. कॅमेरा छातीला टेकवायचा, नजर समोरच्यावर ठेवायची, बटण दाबत राहायचं. ते फोटो नाक्यानाक्यावर लागत, आणि कुणीतरी येऊन त्या जिवाला घरी नेत असे. आंधळं गाढव एका कुंभारानं नेलं. फोटोतून ते आपल्याकडंच बघतंय असं वाटलं, एवढंच त्यानं सांगितलं होतं. वॉर्डातली एक म्हातारी चार वर्षांनी तिच्या भाच्याला सापडली. तिचा अंक अठ्ठ्याऐंशी होता. ज्या सात हजार बैठकींवर हा प्रबंध उभा होता, त्या सगळ्या आप्पांच्या होत्या. आठ महिन्यांपूर्वी ते गेले.

"आणि तुमचे फोटो?" बागवानांनी विचारलं. "बापानं लेकीचे काढले असतीलच की."

काढले होते. यामिनीची आई ती पाच वर्षांची असताना गेली. त्यानंतर सहाव्या वाढदिवसापासून एकोणिसाव्यापर्यंत दरवर्षी एक बैठक. आप्पा बोलत फार थोडं. जेवलीस का, दार लाव, एवढंच. बाहेरच्या जिवांसाठी असलेलं लक्ष घरात आपल्या वाट्याला का येत नाही, हा प्रश्न ती जाणती झाल्यापासून मनात घेऊन वावरत होती. एकोणिसाव्या वर्षी शिकायला बाहेर पडली ती परत राहायला आली नाही. हे यंत्र तिनं कशासाठी बांधलं, असं कुणी विचारलं तर ती श्वसनरोगांचं नाव घेई.

"गाढवाला एक्क्याण्णव," ती म्हणाली. "मला दोन. चौदाही बैठकींची सरासरी. तीन आठवडे झाले मोजून."

बागवानांनी चष्मा पुसत विचारलं, "हा अंक काढता कसा तुम्ही?"

"दोघांचं सरकणं गुणून."

"बेरीज का नाही?"

"दगडाकडं टक लावून बसलेल्यालाही निम्मे गुण मिळाले असते. जुळणी दोघांची असते. म्हणून गुणाकार."

"बरोबर आहे. पण मग एकाचं शून्य असलं तरी उत्तर शून्य." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "कुणाचं, ते बघितलंत?"

तिनं बघितलं नव्हतं. आजवर हजारो अंक काढूनही त्यांची फोड करायची तिला कधी गरज वाटली नव्हती. या चौदांत तर उत्तर तिला आधीपासून ठाऊकच होतं.

फोड करायला यंत्राला चार सेकंदही लागले नाहीत.

आप्पांचा स्वाभाविक श्वास मिनिटाला चौदा. सहा वर्षांच्या यामिनीसमोर तो बावीसवर गेला होता, तिच्या श्वासाला जाऊन भिडला होता आणि बैठक संपेपर्यंत तिथंच राहिला होता. चौदाही वर्षं तसंच. सात हजार बैठकींत आप्पा इतके कुणाकडंच सरकले नव्हते. निळी रेषा मात्र जागची जवळजवळ हललीच नव्हती. छायाचित्रांतली मुलगी प्रत्येक वर्षी त्यांच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडं बघत होती.

"लहान पोरं असतातच तशी," बागवान म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका, बाई."

"गाढव सरकलं, सर. आणि एकोणिसाव्या वर्षी मी लहान नव्हते."

ती उठली, खिडकीपाशी जाऊन परत आली आणि आणखी एक बैठक यंत्रात घातली. ही तिनं स्वतः काढली होती, आप्पांच्याच कॅमेऱ्यानं, अतिदक्षता विभागात, शेवटच्या दुपारी. का काढली ते तिलाही सांगता आलं नसतं. कॅमेरा छातीशी धरला होता आणि ती फक्त त्यांच्याकडं बघत राहिली होती. या वेळी तांबडी रेषा तिची होती.

तांबडी सरळ निळीकडं निघाली. दुसऱ्या मिनिटालाच पोहोचली, आणि मग दोन रेषांची एकच रेषा दिसू लागली. बागवान पुढं झुकले.

"हे बघा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "जुळलं की."

"निळी बघा, सर."

निळी रेषा मोजपट्टीनं आखल्यासारखी होती. मिनिटाला सोळा श्वास, पहिल्या छायाचित्रापासून शेवटच्यापर्यंत, एकही कमी नाही की जास्त नाही. आप्पा तेव्हा व्हेंटिलेटरवर होते. छाती त्यांची हलत होती, श्वास यंत्राचा होता. यामिनीचं सरकणं पूर्ण होतं. समोरच्याचं शून्य.

खाली उत्तर आलं. शून्य.

बागवानांनी घसा खाकरला. प्रबंधात हे सूत्र थोडं सैल करता येईल, एखादा वेगळा घटक घालता येईल, दोन दिवसांत करून देतो, असं ते पुष्कळ काही बोलले. यामिनीनं त्यांना बोलू दिलं.

"नको," मग ती म्हणाली. "सूत्र बरोबर आहे."