पिकल्या केळ्याला गाडीत जागा नाही

"हातातली केळी टाका, मगच वर चढा."

चाकूरच्या फाट्यावर लातूरची एस.टी. बंद पडली होती, आणि हा माणूस माझ्या ट्रकच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा होता. पांढरा शर्ट, खिशाला खडूचे डाग, हातात सहा पिवळीजर्द केळी. अगोदर त्यानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या स्टेअरिंगकडं, मग पलीकडं बसलेल्या बाबांकडं. खरा ड्रायव्हर कोण, ते बाबा सांगणार होते जसं काही.

"ड्रायव्हर मीच हाय," मी म्हणले. "महानंदा. हे माझे वडील. आता केळी टाका."

"का पण?"

"मागं दहा टन कच्ची केळी हायत, अर्धापूरची. बेंगलोरला न्यायचीत. एक पिकलं केळं गाडीत आलं, की सगळ्या मालाला पिकवतंय. केळीच्या गाडीत कुणीच पिकलं केळं घेत नसतंय."

तो खुदकन हसला. "इथिलीन."

"कोण?"

"वायू असतो. पिकत्या फळातून निघतो. मी लातूरला क्लासमधे केमिस्ट्री शिकवतो…"

"मग म्हाईत असून बी केळी घेऊन चढायलाव?"

ते त्याला लागलं. पण अन्न टाकवेना. गडी रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि एकामागं एक सहाच्या सहा केळी खाल्ली. मी हॉर्न देत राहिले. चौथ्या केळ्याला त्याला ठसका लागला, आणि बाबा असे हसले की मी बघतच राहिले. बाबांचं हसू आमच्याकडं लई दुर्मीळ.

त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं माळवदाचं घर पडलं. आई गेली, बाबांचा डावा पाय कायमचा आखडला. मी नऊ वर्षांची होते. त्याच पायानं क्लच दाबत बाबांनी मला लातूरला बारावी करवली, डॉक्टर हो म्हणून. नंबर काही लागला नाही, आणि खरं सांगू, मला वाईटबी वाटलं नाही. मी ट्रकचं लायसन काढलं, बाबा उजवीकडून डावीकडं सरकले. तेव्हापासून दिल्ली बघितली, कलकत्ता बघितलं. धाब्यावर लोक टकमक बघतात. बघू देत. डोळे त्यांचे, गाडी माझी.

त्या माणसाचं नाव शिवमूर्ती. लातूरला उतरताना त्यानं विचारलं, परत कधी येणार. मी सांगून टाकलं. का सांगितलं, कुणास ठाऊक. पुढच्या हप्त्यापासून तो नाक्यावरच्या चहाच्या टपरीपाशी उभा दिसायला लागला.

"आज क्लास न्हाई?"

"आहे. पोरांना गणित घालून आलोय."

"कसलं?"

"नांदेडहून निघालेली गाडी लातूरला किती वाजता पोचेल."

"केमिस्ट्रीत असलं असतंय?"

"माझ्या केमिस्ट्रीत असतंय…"

एकदा पाऊस लागला. मी ताडपत्रीचा दोर आवळत होते. तो मागं आला आणि छत्री माझ्या डोक्यावर धरून उभा राहिला. स्वतः चिंब. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, आणि त्या चष्म्यातून त्याला काय दिसत होतं देव जाणे, पण नजर काही हटेना.

"दोनशे पोरांपुढं बोलतो मी," तो म्हणाला, "पण तुमच्यापुढं… महानंदा, आईला घेऊन येऊ? लग्नाचं बोलायला?"

माझ्या हातातला दोर सैल पडला. तो मी पुन्हा आवळला.

"या. पण स्टेअरिंग मी सोडणार न्हाई. कुणासाठीच न्हाई."

"मी कुठं सोडा म्हणलो?"

"तुमच्या घरचे म्हणतील. तवा तुम्ही काय म्हणता, ते बघायचंय मला."

त्यानं चष्मा काढून ओल्या शर्टाला पुसला. त्याचं ते चष्मा पुसणं मला आवडलं नाही. तो आवडत होता, हीच तर पंचाईत.

पाहुणे अकराला येणार होते, आले दोनला. औशाजवळच्या आमच्या पुनर्वसनातल्या घरासमोर गाडी भरून उभी होती, बघण्याचं उरकून मी तशीच पुढं निघणार होते. वरून ऊन भाजत होतं. चहा मी पाहुण्यांना देत होते, पण जीव सगळा ताडपत्रीखाली होता.

शिवमूर्तीच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, मला कुंकू लावलं, ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. आणि वर पाच केळी, पिवळीजर्द.

"पोरगी पसंत हाय," त्या म्हणाल्या. "पर आजपासून टरक बंद. डॉक्टर घडवणाऱ्या सराची बायको टरक चालवते, ह्ये कुणाला सांगू मी?"

"काकू, ही केळी घेऊन मला गाडीत बसता येत न्हाई."

"मग बसू नको. आणि भरली ओटी खाली ठेवायची नसते. ठेवलीस, तर सोयरीक मोडली म्हणून समज."

मी शिवमूर्तीकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. एक 'बरं' म्हणले असते तर सगळं जमून जात होतं. पण मला बाबांचा क्लचवरचा पाय आठवला.

"मग मोडू द्या," मी म्हणले. ओटी देवापुढं ठेवायला वळले.

तेवढ्यात तो उठला. माझ्यासमोर आला, पदरातलं एक केळं उचललं, सोललं आणि खायला लागला.

"शिवा, काय करायलास?" लक्ष्मीबाई म्हणाल्या.

त्यानं दुसरं उचललं. मग तिसरं. शेजारच्या पंचफुलाकाकू तोंडाला पदर लावून बसल्या. पाचवं संपलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. साली त्यानं बाहेरच्या शेळीला टाकल्या. "सालीतून बी निघतो वायू," तो हळूच मला म्हणाला. मग आईपुढं बसला.

"आई, ओटी तिच्या पदरात हाय. खाली ठेवली न्हाई, म्हणजे सोयरीक बी मोडली न्हाई. स्टेअरिंग तिचं हाय, ते मागायचा हक मला बी न्हाई, तुला बी न्हाई. आता गाडी जाऊ दे. उशीर आपल्यामुळंच झालाय."

लक्ष्मीबाई लेकाकडं बघत राहिल्या. बरं, असं त्या तेव्हा म्हणाल्या नाहीत. अजूनबी म्हणत नाहीत. पण ओटीतला नारळ त्यांनी परत मागितला नाही.

मी पदर खोचला, नारळ समोरच्या काचेपाशी ठेवला आणि गाडी चालू केली. बाबा पलीकडं बसले होते, आणि मधे मुद्दाम जागा सोडून बसले होते. शिवमूर्ती खाली उभा होता, पोटावर हात ठेवून.

"चढा की सर," मी म्हणले. "आता तुमच्या हातात केळी न्हाईत."

"अन् उद्याचा क्लास?"

"पोरांना गणित घाला. औशाहून निघालेली गाडी बेंगलोरला कधी पोचंल."

तो चढला.