सामानासोबत आलेला

वडिलांचे डोळे दाखवायचे होते, आणि कंपनीची बैठकही त्याच शहरात. "चला बाबा, एका खेपेत दोन्ही कामं होतील," म्हणत मुलगा त्यांना सोबत घेऊन आला. हॉटेल शंभर वर्षांचं. खाली गल्लीभर बार आणि नाचाची ठिकाणं. दिवेलागणीलाच गाण्यांचा ठोका खिडक्यांच्या काचांत थरथरू लागला होता.

"अरे, इथली माणसं झोपतात तरी कधी?" वडील हसले. जन्मभर शिंपीकाम करून पाठ वाकलेली, स्वेटरच्या छातीवर सवयीने टोचलेल्या सुया.

जिन्याशी मुलाचे साहेब भेटले. "हे कोण?"

सांगायलाही लाज वाटते. ज्यांनी त्याच्या पहिल्या नोकरीचा शर्ट शिवला, त्यांच्यासमोरच मुलगा बोलून गेला, "सोबतचा माणूस. सामानाला आणलाय."

वडिलांनी दोन्ही बॅगा उचलल्या आणि वर चढले. मुलाचे कान तापले होते. पण माफी मागायला जीभ उचलेना.

खोलीतल्या कपाटात एक लाल कोट टांगलेला होता, तिथल्या नोकरांच्या अंगावर होता तसाच. अस्तर जुनं, पार विरलेलं. वडिलांनी काजावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"हा टाका माझा आहे रे."

"काहीतरीच काय, बाबा! तुमच्या जन्माआधीचा असेल तो."

"माणसाला आपला हात कळत नाही होय?"

त्यांनी कोट अंगात घातला. चपखल बसला. पाठीचा बाकसुद्धा शिवताना हिशेबात धरलेला होता.

बाहेर कुठेतरी घंटी वाजली. "आलो," म्हणत वडील चटकन निघून गेले. रागावलेत, येतील, असं म्हणून मुलाने मनाची समजूत घातली आणि तो जेवायला खाली उतरला.

साहेबांसमोर सूप ठेवणारा हात त्याने ओळखला. अंगठ्यावर कात्रीचा घट्टा.

"तुमचा माणूस कामाचा आहे हं," साहेब म्हणाले. "आल्या आल्या जुंपला की!"

आत्ता. आत्ता सांगायचं, हे माझे वडील.

मुलाने पाण्याचा घोट घेतला. आणि तोही हसला.

"साहेबांना आणखी काही?" वडिलांनी त्यालाच विचारलं. आवाजात राग नव्हता. ओळखही नव्हती.

ते रिकामी ताटं घेऊन वळले, तसा मुलगा ताडकन उठला. खुर्ची मागे लोटून तो धावला.

मागचा बोळ लांबलचक होता. दारादारांशी लाल कोटातले म्हातारे आपापल्या कामात.

"बाबा!" तो सगळ्यांदेखत ओरडला. "बाबा!"

बोळातले सगळे म्हातारे थबकले. एकेकाने मान वळवली, आशेने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि हा आपला नव्हे हे कळल्यावर पुन्हा खाली मान घातली.

एकजण तेवढा वळला नाही. ताटं सांभाळत तो पुढे चालत राहिला.