पिवळी शाई न लागलेलं कार्ड

“माझं कार्ड कुणीतरी बदललंय. आणि कपाटाची किल्ली भाचीकडे होती,” दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

खाजगी शोध घेणाऱ्या भिंगबाईंनी कार्ड उचललं. चित्र फुटबॉलच्या गोलरक्षकाचं होतं.

“मूळ कार्डाला छापताना पिवळी शाई लागलीच नाही,” डॉक्टरीणबाईंचा चेहरा बोलताना उजळला. “म्हणून हिरवं मैदान निळं, लाल सदरा झणझणीत गुलाबी. चुकून झालेली कमाल. परवा कार्डांच्या दुकानदाराकडून नवं कव्हर घालून आणलं आणि त्यानं दिलेलं पाकीट न उघडता तसंच कपाटात ठेवलं. काल भाची आली. आज उघडलं, तर हे.”

“हेही निळंच आहे की, वहिनी,” भिंगबाईंचा दीर म्हणाला.

“पण सदरा विटलाय, भावजी. आणि चारही कोपरे हिरवे आहेत.”

आतल्या खोलीत भाची बॅग भरत होती. “मावशीनं काही विचारलं नाही. नुसती किल्ली परत मागितली,” ती म्हणाली. “मी कार्डाचा फोटो काढायला पाकीट मागणार होते, तेवढ्यात हे सगळं झालं.”

दुकानदार अघळपघळ माणूस. “मी कव्हर घातलं, दिलं. पुढचं त्यांच्या घरचं.”

त्याच्या काचेच्या खिडकीत दुपारचं ऊन भरलं होतं. जुनी पोस्टरं निळसर पडली होती. कार्डं चार-चार काळ्या कागदी कोपऱ्यांत अडकवलेली. एका जागी मात्र नुसते कोपरे होते. मागची मखमल सगळी विटलेली, तेवढा कार्डाएवढा चौकोन गडद.

भिंगबाईंनी मावशी-भाचीला तिथेच बोलावून घेतलं.

“उन्हानं पिवळी आणि लाल शाई उडते, निळी टिकते,” त्या म्हणाल्या. “साधं कार्ड महिनोन्‌महिने उन्हात ठेवलं की मैदान निळं होतं. पण त्याबरोबर सदराही फिका पडतो. नुसती पिवळी शाई चुकली असती, तर गुलाबी रंग ताजा राहिला असता.”

“आणि हिरवे कोपरे?” दिरानं विचारलं.

“या काळ्या कोपऱ्यांनी झाकलेले. रिकामी जागा समोरच आहे. मागच्या मखमलीनं सावलीत किती दिवस काढले, तेही दिसतंय. काल आलेली मुलगी हे कुठून करणार?”

दुकानदारानं मान खाली घातली आणि गल्ल्याखालून कार्ड काढलं. “विकायचं नव्हतं हो. आयुष्यभर हजारो विकली, असं एकही हाती आलं नाही.”

गुलाबी गोलरक्षक निळ्या मैदानावर झेपावत होता.

डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला नाही.

“आधी तिला दाखवा,” त्या भाचीकडे बघत म्हणाल्या. “चूक माझी झाली, बाळा. बॅग रिकामी कर.”