फुकटची फ्रेम

"अरे ढब्बू, तराफ्याला दोर हवा, दोर! तुझ्या पायजम्याची नाडी नव्हे!" ठिणगी ओरडली.

"पण घट्ट बसते की!"

"आणि पायजमा कशाच्या आधाराने बसणार?" प्रश्नावलीने विचारलं.

गच्चीवर रिकामे डबे बांधून तराफा करायचं काम जोरात चाललं होतं. ठिणगीचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर, म्हणून तिला ते नाव. ढब्बू तिचा चुलतभाऊ. शेजारची प्रश्नावली तर शंका विचारल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायची नाही.

तेवढ्यात ठिणगीच्या खिशातला फोन वाजला. तो तिच्या दादाचा होता. दादा नुकताच सैन्यात भरती झाला होता. प्रशिक्षण केंद्रात फोन ठेवू देत नाहीत, म्हणून जाताना त्याने तो तिच्या हाती सोपवला होता. "आलेले निरोप घेऊन ठेव. उगाच त्यात बोटं घालू नकोस," असं बजावूनच तो गाडीत बसला होता.

"कुठाय तो फौजी?" पलीकडून एक बाई कडाडल्या. "बदली झाली म्हणून शिलाई मशीन स्वस्तात देतो म्हणाला. गणवेशातला फोटोही पाठवला. सकाळी मी याच नंबरवर पैसे टाकले. आता म्हणतो, गाडीभाड्याचे आणखी टाका! अरे, गणवेश बघून विश्वास ठेवला मी. लाज नाही वाटत?"

"अहो, माझा दादा असं कधीच..."

बाईंनी फोन ठेवूनही दिला होता.

ठिणगीचे कान लाल झाले. दादा चोर? तिने भराभर बँकेचे निरोप उघडले. पैसे जमा, पैसे काढले. पुन्हा जमा, पुन्हा काढले. इतके दिवस तो आवाज ऐकून तिला वाटत होतं, दादाचा पगार येतोय!

"आजचे अजून कोणी काढलेले नाहीत," प्रश्नावली फोनमध्ये डोकावत म्हणाली. "काढायचे तर कार्ड लागेल ना? ते कुठे असतं?"

"आईच्या कपाटात!"

तिघं धडाधड खाली आली. कपाटात कार्ड नव्हतं. "ते काकांनी नेलं," आई म्हणाली. "बँकेचं काही काम होतं म्हणे."

काका बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. त्यांच्या डोक्यावर, जाडजूड सोनेरी फ्रेममध्ये, गणवेशातला दादा हसत होता.

"एवढी काय आग लागलीय?" काका म्हणाले. "कार्ड फ्रेमवाल्याला दिलंय, खात्याचा फोन नंबरही. त्याच्या धंद्याचे पैसे त्या खात्यात येतात, तो काढून घेतो. आपलं काय जातंय? भला माणूस आहे. फ्रेम फुकट करून दिली!"

"आणि पिन?"

"पिनशिवाय कार्ड काय चाटायचंय?"

"बाबा!" ढब्बूचा चेहरा पडला. "एका फ्रेमसाठी दादाचं खातं दिलंत?"

"मोठ्यांच्या व्यवहारात नाक खुपसू नका!"

"खुपसणार!" ठिणगी उसळली. "तो हाच फोटो दाखवून लोकांना लुबाडतोय! पोलीस पहिल्यांदा कोणाला धरतील? दादाला! गणवेश उतरवून घरी पाठवतील त्याला! पायाला फोड येईपर्यंत धावत होता तो, दिसत नव्हतं तुम्हाला?"

काकांचा पेपर खाली आला. "बरं बरं. संध्याकाळी विचारतो त्याला."

संध्याकाळी! ठिणगीने पायात चप्पल कशीबशी अडकवली आणि तिघं बँकेकडे पळाली.

"खातेदाराला घेऊन या," खिडकीतले कारकून मान वर न करता म्हणाले.

"तो प्रशिक्षणाला गेलाय!"

"मग सुट्टीवर आला की या."

"अहो, तोवर पैसे जातील! त्याची नोकरी जाईल!"

"इथे गोंधळ नको. बाहेर जाऊन खेळा."

बाहेर येऊन ठिणगीने पायरीला लाथ मारली. अंगठा ठेचला आणि राग दुप्पट झाला. खेळा म्हणे!

"दादा येऊ शकत नाही," प्रश्नावली म्हणाली, "पण त्याचा फोन तर इथेच आहे ना? कार्ड हरवलं तर लोक काय करतात?"

ठिणगीने फोनमधली नावं चाळली. दादा पक्का शिस्तीचा! "बँक, कार्ड हरवल्यास" असं नाव घालून त्याने नंबर ठेवलेला होता. तिने तो लावला. यंत्रातली बाई सावकाश म्हणाली, "कार्ड बंद करण्यासाठी तीन दाबा." ठिणगीने तीन असा दाबला की काच फुटायचीच बाकी राहिली.

"तुमचं कार्ड बंद करण्यात आलं आहे."

"तो बघा!" ढब्बू कुजबुजला.

स्कूटरवरून फ्रेमवाला उतरला. बोटांना अजून सोनेरी रंग होता. शीळ घालत तो एटीएममध्ये शिरला. जरा वेळाने आतून धाड आवाज आला. मग आणखी एक! लालबुंद होऊन तो बाहेर पडला आणि तडक मॅनेजरबाईंच्या केबिनमध्ये घुसला. मागोमाग तिघंही.

"तुमच्या मशीनने माझं कार्ड गिळलं!"

"नाव सांगा," बाई म्हणाल्या.

त्याने डोळ्याची पापणी न हलवता दादाचं पूर्ण नाव सांगितलं.

ठिणगीच्या मस्तकात तिडीक गेली. त्याच्या तोंडावरच एक ठेवून द्यावी असं तिला वाटलं. पण ती गोड हसली. "अय्या, दादा! तू कधी आलास?"

"कोण गं तू? हो बाजूला!"

"सख्ख्या बहिणीला ओळखत नाहीस? आणि हे पोट कधी सुटलं?"

"आईचं नाव काय?" प्रश्नावली सुरू झाली. "जन्मतारीख? कोणत्या केंद्रात आहेस? तिथून सोडलं कोणी?"

"मॅडम, ही कोणाची कार्टी आहेत?" म्हणत फ्रेमवाला दाराकडे सरकला. दारात ढब्बू उभा होता.

"ए जाड्या, सरक!"

जाड्या म्हटलं की ढब्बू नेहमी रडवेला व्हायचा. आज त्याने चौकटीला दोन्ही हात टेकले आणि तो इंचभरही हलला नाही.

मॅनेजरबाईंनी पडद्यावर खातेदाराचा फोटो उघडला, समोरच्याकडे पाहिलं आणि घंटी दाबली. पहारेकरी धावत आला. पोलीसही आले. फ्रेमवाल्याच्या फोनमध्ये दादाचा फोटो निघाला, आणि तो दाखवून केलेल्या थापाही.

"आजचे पैसे इथेच अडकवून ठेवते. ते त्या बाईंना परत जातील," मॅनेजरबाई म्हणाल्या. मग गडबड ऐकून आत आलेल्या कारकुनाकडे वळून त्यांनी विचारलं, "ही मुलं मघाशी तुमच्याकडे आली होती ना?"

कारकून टेबलावरच्या टाचण्या गोळा करू लागले.

"शाबास पोरांनो!" बाई म्हणाल्या.

"शाबासकी नंतर द्या," ठिणगी म्हणाली. "आधी या पोलीस साहेबांना सांगा, यात माझ्या दादाचा हात नाही."

"सांगतेच," बाई उठत म्हणाल्या. "आणि त्याच्या केंद्रालाही कळवते."

रविवारी केंद्रातून दादाचा फोन आला. ठिणगीने तो काकांपुढे धरला. "तुम्हीच सांगा." काका घसा खाकरत, अडखळत सगळं बोलले.

"ठिणगीला द्या," दादा म्हणाला. मग त्याचा आवाज हळू झाला. "मला अजून पहाऱ्यावर उभं केलेलं नाही गं. तू माझ्याआधी उभी राहिलीस."

"हं."

"रडतेस का?"

"चिडलेय!" ती ओरडली आणि तिने नाक पुसलं.

फोन ठेवते न ठेवते तोच पुन्हा वाजला. शिलाई मशीनवाल्या बाई होत्या. "पैसे परत आले गं. पोलिसांनी सगळं सांगितलं. तुझ्या दादाला मी नको नको ते बोलले. त्याला सांगशील, शब्द मागे घेतले म्हणून?"

ठिणगीने भिंतीकडे पाहिलं. सोनेरी फ्रेम काकांनी स्वतःच उतरवून पोलिसांकडे दिली होती. फोटो आता चार टाचण्यांवर, जरासा तिरका, लावलेला होता.

"सांगते," ती म्हणाली, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तिचा आवाज चढला नाही.