दोन सतरंज्यांमधली वाट

या, असे जवळ सरका. शाल ओढून घ्या. बुवा यायला अजून अवकाश आहे, तोवर एक प्रेमाची गोष्ट ऐका. सुरू गोड होते... शेवट कडू आहे, तो लपवणार नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात आमच्या लेआऊटमधलं मोकळं मैदान सरकारनं बागेसाठी राखलं होतं. बाग काही आली नाही, आम्हीच आलो. सकाळी तिथं पापड वाळत, दुपारी विटीदांडू रंगे, आणि दत्तजयंतीच्या सप्ताहात कीर्तन उभं राही. दुपारीच घराघरातून सतरंजी येऊन पडे, कोपऱ्यावर अर्धी वीट. वीट ठेवली की जागा तुमची. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, मधे बुवांना यायला हातभर वाट. ती राखायचं काम सप्ताहाची व्यवस्था पाहणाऱ्या दत्तोपंतांचं. सतरंजीला सतरंजी भिडवायची ती फक्त एका घरच्यांनी.

शामला किराणावाल्या नत्थूजींची लेक. त्या वर्षी सप्ताहाच्या पहिल्या दिवशी वाटेच्या कडेला वीट ठेवून ती उठली, तर समोर एक उंच तरुण उकिडवा बसून तेच करत होता. मार्तंड. सरकारी कचेरीत नुकताच लागलेला कारकून, भाड्याच्या खोलीत एकटा.

“अहो, तुमची वीट वाटेत येऊन राहिली.”

“जागा सरकारची आहे.”

“दिवसा. दिवे लागले की बुवांची.”

“आणि आत्ता, दुपारी?”

तिनं पदर सावरला. “आत्ता... माझी.”

त्यानं वीट मागे घेतली. दुसऱ्या दिवशी मात्र ती पुन्हा पुढे होती, आणि वर कागदात तुरीच्या उकडलेल्या शेंगा. अजून कोमट.

“हे काय?”

“दंड. वाट अडवल्याचा.”

“मग रोज अडवत जा,” शामला म्हणाली, आणि स्वतःच लाजली.

गजराला मार्तंडाची टाळी नेहमी अर्धी मात्रा मागे पडे. हळूहळू तिचीही पडू लागली.

“काहून वं,” शेजारी बसलेली इंदुआत्या कुजबुजली, “तुह्या टाळीले काय झालं?”

“थंडीनं हात आखडून राहिले, आत्या.”

“हो का. थंडी त्या बाजूनंच येऊन राहिली वाटते.”

सप्ताह संपत आला त्या दुपारी शामला हसली नाही.

“कुहीचे पाहुणे उद्या मले पाहायले येऊन राहिले. बाबा मले विचारतील. नाही म्हणायचं, तर काहून ते सांगावं लागेल.”

मार्तंड विटेवरची माती पुसत राहिला.

“उद्या शेवटचं कीर्तन,” ती म्हणाली. “तुमच्या मनात असलं तर तुमची सतरंजी माझ्या सतरंजीले भिडवा. आत्याच्या ध्यानात येईल. बाबा तिचं ऐकतात.”

“आणि नसलं तर?”

“तर... वाट राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी तिनं सकाळीच सतरंजी टाकली आणि ती पाहुण्यांच्या चहापाण्याला जुंपली गेली. संध्याकाळी आत्याचा हात धरून आली, तर मधे वाट होती. हातभर, झाडलेली. मार्तंड त्याच्या जागेवर नव्हता. दूर कडुनिंबाखाली उभा होता, मान खाली घालून. कीर्तनात कोण कोणाला हाक मारणार? शामला बसली. तिच्या टाळ्या त्या दिवशी अगदी तालात पडल्या.

घरी गेल्यावर ती कुहीला हो म्हणाली. मार्तंड बदली मागून जबलपूरला गेला.

बऱ्याच वर्षांनी ती सप्ताहाला माहेरी आली. बाग अजूनही आली नव्हती. म्हातारे दत्तोपंत काठीनं सतरंज्या सरळ करत होते.

“वाट राखणं सोपं नसते, बाई,” ते कौतुकानं सांगू लागले. “एका वर्षी शेवटच्याच दिवशी कोण्या शहाण्यानं या टोकाले दोन सतरंज्या भिडवून ठेवल्या. बुवा काय उडत येतील? ओढली मीच एक मागं, विटेसकट.”

“कोणती ओढली, काका?”

“बायकांकडची. हलकी होती.”

शामला त्या जागेकडे बघत राहिली. तिची सतरंजी मागे सरकलेली त्यानं पाहिली असणार, तिनंच ओढली असं समजला असणार... म्हणून तो कडुनिंबाखाली.

“बरं केलं,” ती म्हणाली. म्हाताऱ्याला दुसरं काय सांगणार? मग झांजा वाजल्या, गजर झाला, आणि तिची टाळी पुन्हा अर्धी मात्रा मागे पडली.

दत्तोपंतांवर रागावू नका. त्यांनी वाट देवाच्या माणसासाठीच राखली. पण कधी दोन सतरंज्या भिडलेल्या दिसल्या, तर हात आवरा. बुवा वळसा घालून येतील. आणि तेवढा वेळ आमच्या शामलाची आठवण काढा.